हंसाचा मरशिया

हंसा गेली तो मंगळवार होता. तिच्या सुनेचा, बिजलचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या घरी माझ्या विद्यार्थिनीच्या, रेश्माच्या प्रबंधाचं प्रकरण तपासत होते. बिजल म्हणाली, "आंटी, मम्मी गेल्या." मी विचारलं, "कुठे?" तिने पुन्हा सांगितलं. मी कागद बाजूला ठेवले आणि घाटकोपरला गेले.

एका मासिकाच्या संपादकांनी माझ्या कामाविषयी लिहायला सांगितलं, त्याला बरेच दिवस झाले. मी बसते, दोन ओळी लिहिते, उठते. गॅलरीत जाते, वाळत घातलेले कपडे उगाच सरळ करते आणि परत येते. आयुष्यभर खुर्चीत बसून वाचलेल्या बाईला खुर्ची नकोशी झाली आहे. तरी लिहिते, कारण हे काम काय होतं ते आता सांगितलं नाही तर सांगणारं फारसं कोणी उरणार नाही.

मी विद्यापीठात तौलनिक साहित्य शिकवत होते. हे वाक्य म्हटलं की समोरचा माणूस भलतंच काही विचारतो. लग्नकार्यात एकदा दूरच्या काकांनी विचारलं होतं, "म्हणजे कुठलं साहित्य सरस ते तुम्ही ठरवता?" मी नाही म्हटलं, तर त्यांचा रस संपला. पवईला इंजिनीअरिंग शिकणारा माझा भाचा जास्त प्रामाणिक होता. तो म्हणाला, "मावशी, तुलना करायची तर युनिट लागतं ना? तुमचं युनिट काय?" हे मी माझ्याबरोबर वर्ग घेणाऱ्या हंसाला सांगितलं. ती म्हणाली, "सांग ने त्याला, किलो."

सोपं करून सांगायचं तर दोन भाषांतली दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचायची. नवी मुलं यायची ती साम्य शोधायला. आरे कॉलनीतून एक मुलगा यायचा. घरचा तबेला, पहाटेचं दूध घालून वर्गात हजर. त्याने पहिल्याच सत्रात दोन कादंबऱ्यांचा तक्ता करून आणला. इकडे आई मरते, तिकडे आई मरते, साम्य. इकडे नदी, तिकडे नदी, साम्य. पाच पानं साम्य होतं आणि प्रत्येक ओळीपुढे लाल शाईने बरोबरची खूण होती. हंसाने तो तक्ता शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "दोन्ही घरात गॅसचा सिलिंडर आहे, म्हणून काय सोयरीक जमली?"

मुलगा रागावला. आठवडाभर आलाच नाही. मग एक दिवस दारातच उभं राहून म्हणाला, "मॅडम, इकडे आई गेल्यावर घरात चूल पेटवत नाहीत. तिकडे आलेल्यांना जेवायला वाढतात. मग मी याला साम्य कसं काय म्हटलं?" हंसाने आपला चहा त्याच्यासमोर सरकवला. "बस," ती म्हणाली, "आता तू शिकायला आलास."

आमचं काम एवढंच. सारखं दिसणारं जरा उलटून बघायचं.

हंसा आमच्या विभागाची नव्हतीच. ती एका कॉलेजात गुजराती शिकवायची आणि शनिवारी आमच्याकडे यायची, आधी मानधनावर आणि मग मानधन बंद झालं तरीही. तिच्या येण्यावर विभाग चालला, हे मी नोकरीत असताना कोणत्याही अहवालात लिहू शकले नाही. तिची एक पद्धत होती. ती गुजराती मजकूर मोठ्याने वाचायची, मी ऐकायचं आणि अर्थ विचारायचा नाही. वाचून झालं की मी सांगायचं की मला कुठे बोचलं. मग ती अर्थ सांगायची. पुढच्या शनिवारी मी मराठी वाचायचं आणि ती ऐकायची. अर्थ आधी कळला की माणूस ऐकणं सोडून देतो, असं तिचं म्हणणं. एकदा एका उताऱ्यावर माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, "इथे कोणीतरी घर सोडून जातंय." ती हसून हसून टेबलावर आडवी झाली. "नीला, अरे ते लोणचं आहे! कैरी आंबवायची कृती आहे! तू लोणच्यावर रडलीस!" त्यानंतर कितीतरी वर्षं मी वर्गात फार गंभीर झाले की ती मागच्या बाकावरून नुसतं "लोणचं" म्हणायची.

मुलांना ही पद्धत विचित्र वाटे. एक विद्यार्थिनी लेखी तक्रार घेऊन आली होती की मॅडम अर्थ सांगत नाहीत. बरोबरच होतं तिचं. आम्ही सांगायला वेळ लावत होतो.

रेश्मा माझी शेवटची विद्यार्थिनी. माझी निवृत्ती झाली तरी नोंदणी झालेल्या विद्यार्थ्याचा प्रबंध मार्गी लावायची मुभा असते, म्हणून ती माझ्याकडे राहिली आणि हंसा सहमार्गदर्शक झाली. रेश्मा वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. आई अंधेरीच्या बाजारात मासळी विकते. वडील ती शाळेत असताना समुद्रावर गेले आणि परत आले नाहीत. तिचा विषय होता माणूस गेल्यावर बायका हेल काढून जे म्हणत रडतात ते. एका बाजूला कोळीवाड्यातलं रडणं, दुसऱ्या बाजूला सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा मरशिया. मरशिया म्हणजे तिकडच्या बायकांनी उभ्याने, छाती पिटत म्हणायचं शोकाचं गाणं. एकजण म्हणते, बाकीच्या झेलतात, म्हणजे तीच ओळ मागून म्हणतात. हंसाचं माहेर त्या किनाऱ्यावरचं. लहानपणी तिने ते आजीच्या तोंडून ऐकलेलं होतं.

विषय सुचला तेव्हा आम्ही तिघी खूश होतो. अडचण नंतर समजली. हे गाणं उसनं म्हणता येत नाही. घरात कोणी गेलेलं नसताना म्हणणं म्हणजे मरणाला हाक मारणं. रेश्माने स्वतःच्या आईपुढे रेकॉर्डिंगसाठी फोन धरला तर आई म्हणाली, "घरान कोन मेला नाय, न रडाचा कनाला गो? तुझे परीक्षेसाठी?" कोळीवाड्यातली एकही बाई तयार झाली नाही. शेवटी रेश्माने एक केलं. वडील गेले तेव्हा आई दारात बसून जे म्हणाली होती ते तिला आठवत होतं. ते तिने आठवून लिहून काढलं. ती पानं तिने माझ्याकडे दिली तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. वडिलांच्या नावाच्या जागी फुली मारलेली होती. संशोधनात खरी नावं घालत नाहीत, म्हणून मीच तसं सांगितलं होतं.

गुजराती बाजू हंसावर होती, आणि हंसा टाळत होती. "घरात नको. बिजल पोटुशी आहे." मग बिजलला मुलगी झाली. "घरात नको. लहान लेकरू आहे." शेवटी रेश्माने घायकुतीला येऊन विभागाच्या खोलीतच तिला गाठलं. "मॅडम, हे घर नाहीये ना. इथे म्हणा. प्लीज. माझी मुदत संपत आली."

हंसा उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला. तोंड उघडलं आणि थांबली. "कोणासाठी म्हणू?"

"कोणासाठीही."

"असं नसतं बेटा. नाव लागतं. प्रत्येक ओळीला नाव लागतं. त्या माणसाने काय खाल्लं, कोणावर चिडला, काय अर्धं टाकून गेला, ते त्यात येतं. माझ्या आजीने एक मरशिया दुसऱ्यांदा कधी म्हटलाच नाही. म्हणणार कशी? माणूस तर दुसरा."

"मग उदाहरण म्हणून?"

हंसाने वर बघितलं. आमच्या खोलीतला पंखा त्याच आठवड्यात बंद पडला होता आणि विद्यापीठाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. तिने पंख्याचा मरशिया म्हटला. पंख्या, तू पदवीच्या पोरांना वारा दिलास. पंख्या, तू कुलगुरूंपेक्षा जास्त वर्षं फिरलास. आम्ही दोघी झेलत होतो आणि हसत होतो. रेश्माचा फोन तिच्या पिशवीतच राहिला, कारण ती मस्करी होती. दारातून शिपाई डोकावून गेला. हंसा खाली बसली, घाम पुसला आणि म्हणाली, "खरं मी तुला देणार आहे, रेश्मा. नक्की. वेळ आली की देते."

मग तो मंगळवार आला.

हंसाचं बेसणं, म्हणजे शोकसभा, घाटकोपरच्या एका सभागृहात झालं. पांढऱ्या चादरी, फोटोला हार, भजनं म्हणणारी पैसे देऊन बोलावलेली मंडळी आणि मोठे स्पीकर. लोक रांगेने आले, हात जोडले आणि गेले. कोणी मोठ्याने रडलं नाही. वेळ संपल्यावर सभागृहाच्या माणसाने पंखे बंद केले. मी बाहेर फूटपाथवर उभी राहिले आणि मला घरी जाता येईना. मुलुंडची बस आली, मी ती सोडली. दुसरी आली, तीही सोडली. शेवटी चालत निघाले आणि विक्रोळीच्या अलीकडे दमून रिक्षा केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिजलचा फोन. "आंटी, फई आल्या गावाहून. त्यांना सभा वगैरे काही माहीत नाही. त्या म्हणतात बायकांना बोलवा. तुम्ही या." फई म्हणजे आत्या. हंसाच्या वडिलांची धाकटी बहीण, त्या घराण्यातली मरशिया म्हणणारी शेवटची बाई.

रेश्मा माझ्याबरोबर होती. हंसा तिची मॅडम होती, तिला येऊ नको म्हणणं शक्य नव्हतं. हंसाच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, फोन चालू ठेवू?"

ती निर्लज्ज नव्हती. तिला मुदतवाढ मिळून ती संपत आली होती, पुढे नोंदणीच रद्द झाली असती. जे मिळवायला आम्ही इतकी खटपट केली ते तीन मजले वर होतं. मला हे सगळं माहीत होतं. मी म्हटलं, "बंद कर." तिने माझ्यासमोर फोन बंद केला.

बिजलने खिडक्या लावून घेतल्या. बाळाला समोरच्या फ्लॅटमध्ये पाठवलं होतं. सोफे भिंतीला सरकवलेले. फई लहानखुऱ्या, वाकलेल्या. त्यांनी पदर तोंडावर ओढला, उजवा हात छातीवर आपटला आणि पहिल्या शब्दात हंसाचं नाव घेतलं. आवाज त्या देहातून येईल असं वाटलं नव्हतं. शेजारच्या दोन म्हाताऱ्या पुढे झाल्या आणि त्यांनी ओळ झेलली. तरुण सुनांना काही येत नव्हतं, त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

हंसा, तुझा चष्मा टेबलावर उघडाच राहिला. हंसा, भाजीवाला हाक मारून गेला, त्याच्याशी भांडायला तू उठली नाहीस. हंसा, नातीला दात आला, तू तोंडात बोट घालून पाहिलं नाहीस.

आणि मी काय करत होते? मी ऐकत होते, कामावर असल्यासारखी. नाव पुढे, मग घरातली वस्तू, मग न झालेली गोष्ट. ओळ कुठे मोडते, झेलणाऱ्या कुठून उचलतात. रेश्माच्या आईच्या रडण्यात नाव शेवटी येतं, इथे आधी येतं. हे माझ्या डोक्यात आपोआप चालू होतं, गिरणी चालावी तसं, आणि मला ते बंद करता येत नव्हतं.

मग फईंनी माझ्याकडे तोंड वळवलं. हंसा, मुलुंडची तुझी बहीण आली. हंसा, ती उभी आहे, तिला आता कोण वाचून दाखवील?

म्हाताऱ्यांनी ती ओळ झेलली नाही. सगळ्या थांबल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. मला कळेना काय चाललंय. रेश्माने मागून माझं कोपर धरलं. "मॅडम, उत्तर द्या. तुम्हाला विचारलंय."

"काय देऊ?"

"काहीही. त्यांचं नाव घ्या."

मी म्हटलं, "हंसा." त्यापुढे मी काय म्हटलं ते मला सांगता येणार नाही. मराठीत म्हटलं एवढं खरं. फईंनी ते मराठीच झेललं, अर्थ न विचारता, आणि बायकांनी त्यांच्यामागून.

महिन्याभराने विद्यापीठात रेश्माच्या प्रबंधाची पूर्वतपासणी झाली. समितीत तीन जण होते. अध्यक्ष सभ्य गृहस्थ, त्यांचं वाचन मोठं. त्यांनी विचारलं, "कोळी बाजूचा मूळ पाठ आहे. गुजराती बाजूचा कुठे आहे?"

रेश्मा म्हणाली, "नाही सर."

"मिळाला नाही?"

"मिळाला होता सर. म्हणजे आम्ही तिथे होतो. ध्वनिमुद्रण केलं नाही."

"का?"

 मी सांगितलं की फोन मी बंद करायला लावला. अध्यक्षांनी मान हलवली. ते चिडले नाहीत, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. "मग एक सोपा मार्ग आहे," ते म्हणाले. "शीर्षकातला 'तौलनिक' शब्द काढा. कोळी स्त्रियांचे शोकगीत, एवढाच विषय ठेवा. ते प्रकरण उत्तम आहे, त्यावर पदवी मिळायला हरकत नाही." त्यांनी पंधरवड्याची मुदत दिली.

बाहेर आल्यावर रेश्मा जिन्यात बसली. मी उभीच राहिले. "काढून टाकूया मॅडम," ती म्हणाली. "काय फरक पडतो यार... सॉरी. म्हणजे, पदवी तर मिळतेय."

"तुला चालेल?"

"नाही चालत." तिने नाक पुसलं. "हंसा मॅडमचं नाव मग पुस्तकात कुठेच नसणार. आभारात फक्त. आणि माझ्या बापाचं रडणं एकटंच राहणार, म्युझियममध्ये ठेवल्यासारखं. मी ते शेजारी कोणीतरी असेल म्हणून दिलं होतं."

तिचं खरं होतं. तिने आपल्या घरातलं काढून दिलं होतं, त्याच्या शेजारी ठेवायला माझ्याकडेही होतं. मला ते गाणं आठवत होतं. इतक्या वर्षांच्या शनिवारांनी माझ्या कानाला तेवढं शिकवलं होतं. सगळं नाही, पण बरंच. ते लिहून काढलं तर पाठ झाला असता. मी ते कोणालाही सांगितलं नव्हतं. प्रबंधात गेलं की त्याच्याखाली तळटीप येणार होती, त्याचे भाग पडणार होते, कोणीतरी बरोबरच्या खुणा करणार होतं.

दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. फ्रीज उघडून काय हवं ते विसरून बंद करत होते. तिसऱ्या दिवशी बिजलकडून गावचा नंबर घेतला आणि फईंना फोन लावला. माझी गुजराती वाचायची होती, बोलायची नाही, तरी जमलं. मी विचारलं, लिहू का?

फई म्हणाल्या, "मला का विचारतेस? मला तर काय म्हटलं ते आठवतही नाही."

"पण गाणं तुमचं."

"माझं कुठलं? हंसाचं. तुला जेवढं ऐकू आलं तेवढं लिही. पण तुझं नाव आलंय त्यात, ते गाळू नकोस. तुम्ही शिकलेली माणसं नावं गाळता, हंसा सांगायची."

मी त्या दुपारी लिहायला बसले. एक ओळ लिहायची, उठायचं. माझा उल्लेख आला तिथे मी 'मुलुंडची बहीण' असंच ठेवलं आणि खाली टीप दिली की ही व्यक्ती म्हणजे मार्गदर्शक. त्यापुढचं उत्तर आठवेना. पुष्कळ प्रयत्न केला. ऐकणारी मी होते तोवरचं सगळं आठवत होतं, उत्तर देणारी झाले तिथलं काहीच नाही; तेवढ्या जागा कोऱ्या सोडल्या. रेश्मा घरी आली, तिने पानं वाचली आणि विचारलं, "मॅडम, कोऱ्या जागा मी भरू? मला थोडं आठवतंय, तुम्ही काय म्हणालात ते."

"सांगू नकोस," मी म्हटलं.

तिने भरल्या नाहीत. तिने आपली पानं काढली आणि फुल्यांच्या जागी वडिलांचं नाव लिहिलं, धर्मा. प्रत्येक ओळीच्या शेवटी धर्मा. आईला वाचून दाखवलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "दाखवलं. म्हणाली, आता तो ऑफिसातल्या कागदात गेला. रडली नाही. मासळी कापत होती."

समितीने शीर्षक तसंच ठेवलं. अध्यक्षांनी कोऱ्या जागांविषयी विचारलं, तेव्हा रेश्माने सांगितलं की तिथे संशोधक पोहोचू शकला नाही. त्यांनी ते मान्य केलं, का ते मला माहीत नाही. कदाचित त्यांच्याही घरात कोणी गेलं असेल.

रेश्मा आता बोरिवलीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. आमच्या विभागात यंदा प्रवेश झाले नाहीत, खोली शेजारच्या विभागाला दिली. बिजल अधूनमधून फोन करते. मी गुजराती वाचते, मोठ्याने, माझ्या मराठी उच्चारांनी, आणि चार पानांवर कंटाळून उठते.

प्रबंधाची प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. हंसाचा मरशिया त्यात आहे, मला आठवला तेवढा. बाकीच्या जागा कोऱ्या आहेत.